पदराची तिसरी गाठ

मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडर नव्हतो, वॉर्डबॉयही नव्हतो. तरी नाशकातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला हजेरी लावली. माझ्या नावापुढे हुद्दा काय लिहायचा, याचा घोळ तिथल्या ऑफिसात शेवटपर्यंत मिटला नाही. एका कारकुनाने ‘समुपदेशक’ लिहिलं, दुसऱ्याने ‘रुग्णमित्र’. तिसरा जरा सरळ माणूस होता, त्याने ‘इतर’ लिहिलं. पेशंट मात्र मला ‘पायवाले मामा’ म्हणत, कारण माझा डावा पाय गुडघ्याखाली नकली आहे. मला तेच नाव पसंत होतं.

आता काम काय होतं ते सांगतो. मधुमेहाने पाय बिघडलेली माणसं आमच्याकडे येत. काटा रुततो, चप्पल चावते, फोड येतो. साखरेमुळे पायाची संवेदना गेलेली असते म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही. घरात वास सुटला की दवाखाना आठवतो. मग डॉक्टर सांगतात की बोटं काढावी लागतील, किंवा पाऊल, किंवा गुडघ्याखालचा सगळा पाय. हे ते सांगतात कोणाला? मुलाला, जावयाला, फार तर बरोबर आलेल्या सरपंचाला. ज्याचा पाय, त्याला बाहेरच्या बाकावर बसवून चहा पाजतात. त्या बाकावरच्या माणसाला आत न्यायचं, हे माझं काम. त्याला काय विचारायचं आहे ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, विचारण्याची तालीम करून घ्यायची, आणि तो विचारत असेल तेव्हा शेजारी गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड.

या कामाला माझी लायकी एवढीच की मी स्वतः त्या बाकावरून गेलो होतो. अंबडला एका कारखान्यात मी टर्नर होतो. लेथवरची लोखंडाची एक चीप बुटात गेली आणि, मलाही साखर असल्यामुळे, दोन दिवस मला पत्ता नव्हता. पुढे पाय काळा पडला, ॲडमिट झालो. सर्जनने काय ते माझ्या मेहुण्याला आणि कंपनीच्या माणसाला व्हरांड्यात सांगितलं. मी आत खाटेवर पेपर वाचत पडलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी पाय भादरायला आला. मी त्याला सहज विचारलं, ड्रेसिंगला एवढी तयारी कशाला? तो बिचारा वस्तरा हातात धरून उभाच राहिला. माझा पाय वाचला असता असं मी म्हणत नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवले, त्यांनीही वाचला नसता असंच सांगितलं. मला राग आला तो पाय गेल्याचा नाही, न्हाव्याकडून कळल्याचा. तो राग अजून आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्याच जोरावर मी अकरा वर्षं नोकरी केली.

नकली पाय लावून मी परत लेथवर उभा राहिलो, चार वर्षं पूर्ण शिफ्ट केली. मग कंपनीने आमचा विभागच बंद केला. तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. त्या सुमाराला दीक्षितबाई भेटल्या. त्या रुग्णालयात समाजसेविका होत्या, बारीक चणीच्या, आवाज हळू, पण एकदा धरलं की सोडायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की पेशंटला डॉक्टरांशी बोलायला शिकवायचं तर त्यातून गेलेला पेशंटच पाहिजे, दुसऱ्याचं तो ऐकणार नाही. त्यांनी मला आठ दिवस शिकवलं. सल्ला द्यायचा नाही. तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे सांगायचं नाही. आणि डॉक्टरांनी द्यायचं उत्तर आपण द्यायचं नाही. मी मान हलवली. कारखान्यातही सुरक्षेचे नियम भिंतीवर लिहिलेले असतात आणि आपण मान हलवतो.

तालीम मात्र मला छान जमायची. मी डॉक्टर व्हायचो. स्टुलावर बसायचं, पेशंटकडे न बघता कागदाकडे बघायचं, भराभर बोलायचं, मधेच घड्याळ बघायचं. पेशंटने मला थांबवायचं आणि म्हणायचं, ‘डॉक्टर, मला समजलं नाही, पुन्हा सांगा.’ एवढं एक वाक्य म्हणायला लोकांना तीन-तीन दिवस लागत. डॉक्टरला थांबवायचं म्हणजे देवाच्या आरतीत टाळ हिसकावून घेतल्यासारखं वाटायचं त्यांना. एक निवृत्त हेडमास्तर आले होते, त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून आणले, तेही विषयवार. आत गेल्यावर डॉक्टर ‘बसा गुरुजी’ म्हणाले, तशी गुरुजींनी वही मिटली आणि ‘आपण म्हणाल तसं’ म्हणून बाहेर आले. ‘आपण म्हणाल तसं’ या तीन शब्दांशी माझं अकरा वर्षं भांडण होतं.

उलट वणीकडचा एक माणूस आठवतो. गडाच्या पायथ्याशी त्याचं नारळ-प्रसादाचं दुकान. त्याने एकच प्रश्न आणला. डॉक्टरांसमोर बसला आणि म्हणाला, ‘तुमच्या वडलांचा पाय असता तर काय केलं असतं?’ आमचे सर्जन, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून तो पाय पुन्हा एकदा उघडून बघितला आणि आठ दिवस थांबू म्हणाले. त्या माणसाची दोन बोटं गेली, पाय राहिला. ही गोष्ट मी पुढे किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न बायकांनीच सोडवला. आमच्याकडे बाया बाजाराला निघताना काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतात. तसंच एक प्रश्न, एक गाठ. आत गेल्यावर विचारून झाला की गाठ सोडायची. तीनपेक्षा जास्त गाठी मारू द्यायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं, कारण मोठ्या डॉक्टरांचा वेळ तेवढाच असायचा. बाहेर आल्यावर पदर बघितला की किती विचारलं ते कळायचं. दीक्षितबाईंना ही पद्धत इतकी आवडली की त्या पाहुण्यांना मुद्दाम दाखवत.

माझी आणखी एक पद्धत होती, ती त्यांना आवडत नसे. नवा पेशंट आला की मी आधी पँट वर करायचो आणि नकली पायावर पेनाने टकटक वाजवून दाखवायचो. मग व्हरांड्यातला जिना न धरता चढून दाखवायचो. माणसाचा चेहरा लगेच सैल पडायचा. ‘म्हणजे असं चालता येतं होय,’ म्हणायचा. दीक्षितबाई एकदा म्हणाल्या, ‘मामा, तुमच्याआधी तुमचा पाय बोलतो, आणि फार बोलतो.’ मी हसून सोडून दिलं. बाईंना काय कळतंय, ज्याचं जळतं त्याला कळतं, असं मनात म्हटलं.

हौसाबाई आली ती या सगळ्या माझ्या शहाणपणाच्या दिवसांत. घोटीच्या पुढे डोंगराकडेला तिची वाडी. वय पन्नाशीच्या आसपास, बांधा काटक, कपाळावर गोंदण, आणि उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. बरोबर मुलगा होता, गोरख. तो चांगला मुलगा, पण घाबरलेला. मोठ्या डॉक्टरांनी त्याला आत घेऊन सांगितलं की गुडघ्याखाली कापायला लागेल. तो बाहेर येऊन आईला म्हणाला, डॉक्टर म्हणतात मलमपट्टी करू. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मी दीक्षितबाईंना सांगितलं आणि बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसलो. गोरखला समजावून तिला खरं काय ते सांगायला लावलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मला वास येत व्हता. मला समजत नव्हतं व्हय?’

डॉक्टरांशी बोलायला ती तयार नव्हती. शिकलेल्या पुरुष माणसासमोर काय बोलायचं, म्हणायची. मी स्टुलावर बसून डॉक्टर झालो की पदर तोंडाला लावून हसायची. तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा भराभर बोलत होतो, तर तिने एकदम हात पुढे केला आणि म्हणाली, ‘थांबा. हळू सांगा. घाई तुम्हाला हाय, पाय मपला हाय.’ माझ्या अकरा वर्षांत इतकं सरळ कोणी बोललं नाही. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ही बाई आपली पहिल्या नंबरची.

तिने दोन गाठी मारल्या. पहिली, नुसती बोटं काढून भागेल का. दुसरी, भागवायचं म्हटलं तर किती दिवस इथे राहावं लागेल. आत जायच्या दिवशी सकाळी बघतो तर पदराला तिसरी गाठ. ही कशाची, विचारलं. ती म्हणाली, ‘तो लाकडाचा पाय लावून आवनी करता येईल का?’

आवणी म्हणजे भाताची रोपं खाचरात लावणं. त्यांच्या वाडीत ती सगळ्यांनी मिळून व्हायची, आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. वीस-पंचवीस बाया ओळीने वाकून लावत जातात आणि ओळीच्या कडेला एक बाई असते, तिच्या हाताच्या वेगाने बाकीच्यांचे हात चालतात. ती कडेची बाई हौसाबाई होती, सासूच्या मागे तीच. हे सांगताना तिचा आवाज बदलला, ते मला कळलं. पण आवणी मी कधी केली नव्हती, जवळून बघितलीही नव्हती. एसटीच्या खिडकीतून हिरवीगार खाचरं बघितली होती, तेवढंच. दुरून डोंगर साजरे.

आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, ‘ही गाठ डॉक्टरांपर्यंत कशाला नेता? ते मलाच विचारा की.’ पँट वर केली, पायावर टकटक वाजवलं. ‘या पायावर मी चार वर्षं मशिनवर पूर्ण शिफ्ट उभा राहिलोय. सगळं होतं. आवणीपण होईल.’

तिने माझ्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताने ती गाठ सोडली.

आत ती फार छान बोलली. दोन्ही प्रश्न विचारले, एकदा डॉक्टरांना थांबवलंसुद्धा. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि नीट सांगितलं. बोटं आणि सडलेलं मांस काढून बघता येईल. पण चार-पाच महिने रोज ड्रेसिंग, नाशकातच राहावं लागेल, आणि तरीही सडणं वर चढणार नाही याची खात्री नाही. गुडघ्याखाली कापलं तर दीड-दोन महिन्यांत जखम भरेल आणि मग नकली पाय लावता येईल. मग त्यांनी तिला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. असं ते क्वचितच कोणाला विचारत. हौसाबाई म्हणाली, ‘कापा. मामांसारखी चालंन.’ त्या दिवशी घरी जाताना मी छाती पुढे काढून चालत होतो.

पाय बसवून ती गेली. जिना चढून दाखवला, माझ्यासारखाच. पुढे मात्र तपासणीच्या दोन तारखा चुकवल्या. दीक्षितबाई म्हणाल्या, मामा, जाऊन बघून या. आषाढ संपत आला होता. मी घोटीला एसटीने उतरलो, पुढे जीपने, आणि शेवटचा तुकडा पायी. वाडीत सामसूम. एका म्हाताऱ्याने हात करून दाखवलं, सगळे खाचरात आहेत म्हणून.

बाया ओळीने वाकलेल्या होत्या. हौसाबाई बांधावर बसली होती. रोपांच्या मुठी मोजून बाजूला ठेवत होती. एकच पाय खाली सोडलेला, नकली पाय जवळ कुठे दिसेना. मला बघून तिने पदर सावरला, पाणी हवं का विचारलं, गोरखची चौकशी मी केली, त्याला मुलगी बघतायत वगैरे तिने सांगितलं. मी पायाचं विचारलं तेव्हा म्हणाली, घरी ठेवलाय, बाजाराला जाताना लावते. बाजाराला बरा पडतो.

मग थोड्या वेळाने तिने सांगितलं. पहिल्या दिवशी ती पाय लावून खाचरात उतरली. चार ओळी केल्या. चिखलाचं पाणी नकली पायाच्या कपात, जिथे खुंट बसतो तिथे, शिरलं आणि कातडी सोलवटली, पण तिने कोणाला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाय चिखलात रुतला तो निघेना. ती जोर करून वर आली आणि पाय तिथेच राहिला. ती तोंडावर पडली. बायांनी तिला उचलून बांधावर बसवलं, मग पाय उपटून काढला, धुतला, तिच्या शेजारी ठेवला. कोणी हसलं नाही. ‘हसल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं,’ ती म्हणाली.

मी टर्नर माणूस. माझा विश्वास बसेना. कुठेतरी लावण्यात चूक असेल, पट्टा सैल असेल, असं मला अजून वाटत होतं. मी पँट वर दुमडली, बूट काढला आणि बांधावरून खाली उतरलो. हौसाबाई नको म्हणत होती. रबरी पाऊल पाण्यात चालतं, पायवाटेने चालतं, हे खरं आहे. पण आवणीचा चिखल वेगळा. तो पाय धरतो. पाऊल टाकलं की खाली ओढतो आणि प्रत्येक पावलाला पाय आतून उपटून काढावा लागतो, तोही वाकून, मागे मागे सरकत. मला उपटायला घोटाच नव्हता. तिसऱ्या पावलाला मी अडकलो. डाव्या बाजूला काय चाललंय ते मला कळतच नव्हतं. दोन बायांनी काखेत हात घालून मला बाहेर काढलं तेव्हा मला ओरडून रडावंसं वाटलं. चार वर्षं मी सिमेंटच्या सपाट फरशीवर उभा होतो, आणि तेवढ्यावर मी या बाईला खाचराची खात्री दिली होती.

बांधावर बसून मी म्हणालो, ‘हौसाबाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं.’

तिने माझ्या पायावर लोट्याने पाणी ओतलं. म्हणाली, ‘खोटं नाय. तुम्हाला ठावं नव्हतं. पन मंग नाय ठावं म्हनायचं व्हतं. मी दाक्तरला इचारलं आसतं ना.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. परतीच्या एसटीत मी सगळ्या रस्त्याने तेच एक वाक्य ऐकत आलो.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आवणी होणार नाही. मग कदाचित ती बोटांवर थांबली असती. पाय राहिला असता की नाही ते मी नाही सांगू शकत. पण निवडताना तिला माहीत असतं.’ त्यांनी मला दोष दिला नाही. उलट म्हणाले, ‘मीही तिला विचारलं नाही की बाई, तू काय काम करतेस.’ पण ते विचारणं माझं काम होतं आणि माझ्या बाकावर तिने ते आपणहून सांगितलं होतं. मी नोकरी सोडायचं म्हणालो. दीक्षितबाई म्हणाल्या, सोडू नका, फक्त पँट खाली ठेवा.

तेव्हापासून मी पाय दाखवणं बंद केलं. पेशंटने अगदी विचारलं तरच, आणि तेही सगळं झाल्यावर. आधी त्याला विचारायचो, सकाळी उठल्यापासून तुमचं पाऊल कुठे कुठे पडतं ते सांगा. या एका प्रश्नाने माणसं तासभर बोलत. मखमलाबादकडचा एक फुलवाला गुलाबाच्या वाफ्यांतून कसं आडवं चालावं लागतं ते उठून दाखवायचा. एक बाई फक्त देवघराचा उंबरा सांगायची. पुन्हा पुन्हा तोच उंबरा. डॉक्टरांकडे नेण्याजोगे प्रश्न त्यातूनच निघत, मला काही सुचवावं लागत नसे. पुढच्या वर्षी मी हौसाबाईला निरोप धाडला की तुम्ही महिन्यातून एकदा या, बाकावर बसा, तुमचं काय झालं ते लोकांना सांगा. ती आली नाही. गोरखच्या तोंडी उत्तर आलं, ‘मी आले तर सगळ्यास्नी पाय राखा म्हनंन. त्ये बी खोटंच व्हईल.’ मी खूप विचार केला आणि पुन्हा बोलावलं नाही.

त्यानंतर पाचेक वर्षं गेली असतील. एका सकाळी ओपीडीच्या दारात गोरख दिसला. आता तो बाप झाला होता, मिशी राखली होती. त्याच्या मागे चाकाच्या खुर्चीत हौसाबाई. डाव्या पायाला फडकं होतं.

मी तिच्यापाशी गेलो. मनातल्या मनात मी सगळं ठरवून टाकलं होतं. हा पाय वाचलाच पाहिजे. काही महिने लागू देत, मी स्वतः ड्रेसिंगला आणीन, माझ्या घरी ठेवून घेईन. हा पाय वाचला तर माझं थोडं तरी फिटेल, असं मला वाटत होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला तिच्या पायापेक्षा माझीच काळजी जास्त होती.

तालमीला ती नको म्हणाली. ‘शिकवलंय तुम्ही एकदा,’ म्हणाली. आत गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी तिला ओळखलं. त्यांनी गोरखला बसवलं, पण बोलले तिच्याशीच. या वेळी वाचवायचा प्रयत्न करता येईल, म्हणाले, औषधं पूर्वीपेक्षा चांगली आहेत. पण जंतू वर चढायला लागले आहेत. ताप भरला आणि विष अंगात पसरलं तर मग पाय नाही, जीव जाईल. कापलं तर तो धोका बहुतेक टळेल, मात्र चालणं संपेल, तिच्या वयाला आणि तब्येतीला दोन्ही नकली पायांवर उभं राहणं जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. तिने विचारलं, प्रयत्न करायचा तर किती दिवसांत कळेल. त्यांनी सांगितलं. कळेपर्यंत विष पसरलं तर? तेही सांगितलं. घरात बसून ढुंगणाने सरकता येईल का, हेही तिने विचारलं, कसलाही आडपडदा न ठेवता, आणि डॉक्टरांनी तितक्याच सरळपणे उत्तर दिलं.

मग ती माझ्याकडे वळली. ‘मामा, तुम्ही काय म्हनता?’

वाचवा, हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. गोरख माझ्याकडे बघत होता, डॉक्टरही. मी म्हणालो, ‘मला ठाऊक नाही, हौसाबाई.’

तिने मान हलवली. मग बोलली ती गोरखला सांगितल्यासारखी. पहिल्या वेळेला तिला पाय आवणीसाठी हवा होता. आवणी गेली. पण कोणाच्या खाचरात कोणत्या दिवशी कोणी जायचं, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचं पाणी आधी आटतं, हे सगळं वाडीच्या बाया अजून तिलाच विचारायला येतात. ती ओट्यावर बसून सगळ्यांच्या पाळ्या लावून देते. ‘त्याला पाय लागत नाय, डोकं लागतं,’ ती म्हणाली. ‘ताप डोक्यात गेला तर त्ये बी जाईल. कापा.’

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. मला वाईट वाटत होतं, आणि मी तिला अडवलं नाही याचं समाधानही वाटत होतं. दोन्ही एकदम. माझं काही फिटलं नव्हतं. तिने माझा हिशेब धरलाच नव्हता, आणि तेच बरोबर होतं.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी सिस्टर संमतीचा छापील कागद घेऊन आल्या. पहिल्या वेळेला त्यावर गोरखने सही केली होती. या वेळी त्यांनी शाईचा पॅड तिच्यापुढे धरला आणि अंगठा कुठे उठवायचा ते बोटाने दाखवलं. हौसाबाईने हात मागे घेतला. म्हणाली, ‘वाचा.’ सिस्टर म्हणाल्या, ‘मावशी, आत सगळे थांबलेत, नेहमीचाच कागद आहे.’ ती म्हणाली, ‘मला नेहमीचा नाय. वाचा.’

सिस्टर वाचू लागल्या. स्ट्रेचर ढकलायला आलेले दोघे भिंतीला टेकून उभे राहिले. उशीर का होतोय ते बघायला मोठे डॉक्टर डोक्याला हिरवी टोपी बांधून बाहेर आले आणि तेही ऐकत उभे राहिले. रोगाचं नाव आलं, ऑपरेशनचं नाव आलं, भूल देण्याचे धोके आले. प्रत्येक ओळीला ती ‘बराबर’ म्हणत होती. शेवटची ओळ आली, वरील शस्त्रक्रियेस मी राजीखुशीने संमती देत आहे. तिथे तिने सिस्टरचा हात धरला.

‘राजी हाय,’ ती म्हणाली. ‘खुशी नाय. त्येवढं खोडा.’

सिस्टरनी डॉक्टरांकडे बघितलं. तो छापील कागद होता, त्यात खाडाखोड चालत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर पुढे आले. त्यांनी सिस्टरच्या खिशातलं पेन घेतलं, कागद तिच्याच मांडीवर ठेवून ‘खुशी’वर सरळ रेघ मारली आणि बाजूला आपली सही केली. कागद तिला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने त्या रेघेवरून एकदा बोट फिरवून बघितलं. मग डावा अंगठा शाईवर टेकवला.